कारणं देणारा नियामक

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे अध्यक्ष म्हणून राम सेवक शर्मा ऑगस्ट २०१५मध्ये रुजू झाले. आयआयटी कानपूरमधून गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन ते १९७८मध्ये सनदी सेवेत आले आणि पुढे झारखंडचे मुख्य सचिव झाले. ‘आधार’ प्राधिकरणाचे पहिले महासंचालकही तेच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा त्या यंत्रणेची सूत्रं त्यांच्याकडे होती.

ट्रायमधल्या पहिल्या नऊ महिन्यांत दोन निर्णय गाजले. दोन्ही ग्राहकाच्या बाजूचे. एक टिकला, दुसरा कोसळला.

कोसळला तो कॉल ड्रॉपचा. बोलता बोलता फोन तुटला, तर कंपनीने ग्राहकाला १ रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, असा नियम ऑक्टोबर २०१५मध्ये झाला. लोकांना तो मनापासून पटला. पण ट्रायच्याच गुणवत्ता निकषांत २ टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं क्षम्य होतं. मग पहिल्याच तुटलेल्या कॉलचा भुर्दंड कंपनीवर का, याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मनमानी आणि अपारदर्शक ठरवून रद्द केला.

टिकला तो इंटरनेट समानतेचा. कोणती संकेतस्थळं फुकट आणि कोणती पैसे मोजून, हे मोबाइल कंपन्यांनी ठरवावं का? ९ डिसेंबर २०१५च्या सल्लामसलत पत्रात ट्रायने मोजून चार प्रश्न विचारले. फेसबुकने निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने लाखो ठरावीक मजकुराचे संदेश पाठवण्याची सोय केली. पाठिंबा ठीक, पण आमच्या प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत, असं ट्रायने विचारलं. हरकती-सूचना मागवणं म्हणजे मतदान घेणं नव्हे. तिथे डोकी मोजायची नसतात, युक्तिवाद तोलायचे असतात. या भूमिकेवर शर्मा ठाम राहिले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी आली. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड. आणीबाणीतल्या सेवांना सूट मिळाली. सोबतच्या स्पष्टीकरणात दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडून निर्णयाची कारणं दिली होती.

शर्मा सप्टेंबर २०२०पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं काम मला इंटरनेट समानतेचा हा सकारण निर्णयच वाटतं. ट्राय कायद्याच्या कलम ११(४)ने पारदर्शकता बंधनकारक केली आहे. हेतू कितीही चांगला असला, तरी नियमामागची कारणं पक्की नसतील तर तो न्यायालयात उभा राहत नाही, आणि नुकसान ग्राहकाचंच होतं. कॉल ड्रॉपच्या निकालात न्यायालयाने संसदेला सुचवलं होतं, की सर्वच यंत्रणांनी नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं, असा कायदा करा. ती सूचना मनावर घ्यायलाच हवी. वीज, पाणी, विमा, औषधं, सगळीकडचे नियम आपल्या खिशाला आणि जिवाला भिडतात. त्यांची कारणं लेखी मिळणं हा आपला हक्क आहे.