नोंद बदलली, पण बदल दिसेना!

माझ्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांनी दूरध्वनी क्रमांक बदलला. शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेत जाऊन त्यांनी नवा क्रमांक दिला. कारकुनाने तो संगणकात घातला. पडद्यावर ‘नोंद झाली’ असे उमटले. पण मुलाखतीचा निरोप गेला जुन्याच क्रमांकावर, आणि शिष्यवृत्ती हुकली! कारकून म्हणाला, “मी तर बदल केला होता.” तो खोटे बोलत नव्हता. मग घोटाळा झाला कोठे?

संगणकात माहिती कोष्टकांत मांडण्याची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली सुचविली. साध्या मांडणीत प्रत्येक सभासदाची एक ओळ असते, आणि नाव, पत्ता, दूरध्वनी यांचे वेगवेगळे रकाने असतात. पण रोज नवी बाब निघाली, तर रकाने किती वाढवावेत? म्हणून कित्येकजण तीनच रकाने ठेवतात : सभासद क्रमांक, बाब आणि मूल्य. म्हणजे ‘१०१ – दूरध्वनी – अमुक’ ही एक ओळ, ‘१०१ – पत्ता – तमुक’ ही दुसरी. वर्डप्रेसमध्ये लेखांची जादा माहिती अशाच तऱ्हेने ठेवलेली असते. सोय मोठी, पण धोकाही तेथेच.

या संस्थेत नव्या क्रमांकाची ओळ निराळी पडली व जुनी तशीच राहिली. निरोप पाठविणाऱ्या कार्यक्रमाला जी ओळ आधी सापडली, ती त्याने घेतली.

असा दोष शोधावा कसा? बदलाच्या आज्ञेत जी अट घातली असेल, तीच अट घालून आधी ओळी नुसत्या वाचून पाहाव्यात.

एकही ओळ न आल्यास बाबीचे नाव तपासावे. कोठे ‘दूरध्वनी’ तर कोठे ‘फोन’ लिहिलेले असते. ‘शून्य ओळी बदलल्या’ ही संगणकाच्या लेखी चूक नव्हे, म्हणून तो तक्रार करीत नाही. शिवाय नवे मूल्य जुन्यासारखेच असले, तरी मायएसक्यूएल शून्यच सांगते.

नेमकी एकच ओळ आली, तर बदल कायम करणारी ‘कमिट’ची आज्ञा राहिली काय, ते पाहावे.

एकाच बाबीच्या दोन ओळी आल्या, तर आमच्या मुलीचाच प्रकार समजावा.

आणि भलत्याच बाबी आल्या, तर अट अपुरी आहे. अटीत नुसता सभासद क्रमांक घातला, तर त्याचा पत्ता आणि जन्मतारीखही दूरध्वनी क्रमांक होऊन बसेल!

उपाय क्रमानेच करावा. प्रथम सर्व माहितीची प्रत काढावी. मग दुहेरी ओळींपैकी खरी कोणती, हे त्या माणसाला विचारून दुसरी काढावी. त्यानंतर ‘सभासद क्रमांक व बाब ही जोडी एकदाच येईल’ असा ‘युनिक’ निर्बंध घालावा. दुहेरी ओळी असेपर्यंत तो लागतच नाही. शेवटी ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ अशी एकच आज्ञा वापरावी. मायएसक्यूएलमध्ये ती ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’, तर पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१६ पासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ या शब्दांनी देतात. आधी शोधणे व मग घालणे अशा दोन पायऱ्या ठेवल्या, की दोन कारकून एकाच क्षणी शोधतात, दोघांनाही काही सापडत नाही, आणि दोघेही नवी ओळ घालतात.

वाचकांनी एवढे करावे : कोठेही नवा क्रमांक दिल्यावर ‘नोंद झाली’ या शब्दांवर उठू नये. “नोंद पुन्हा उघडून जरा वाचून दाखवता का?” असे नम्रपणे विचारावे. त्या मुलीचे वडील आता तसेच करतात.