जंतू मारणारा दिवा

पावसाळा लागला की देवनार-गोवंडीच्या वस्त्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण घरोघर. डॉक्टर सांगतात, पाणी उकळून प्या. सल्ला बरोबर, पण रोज हंडाभर पाणी उकळायचे तर गॅस कुठून आणायचा? नेमका हाच हिशेब एका मुंबईकराने अमेरिकेत बसून सोडवला. त्यांचे नाव डॉ. अशोक गाडगीळ.

१९५० साली मुंबईत जन्मलेले गाडगीळ मुंबई विद्यापीठ, कानपूरची आय.आय.टी. आणि मग अमेरिकेत बर्कली, असे पदार्थविज्ञान शिकत गेले. पुढे तिथल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संशोधक झाले. १९९२ च्या अखेरीस मद्रासकडे आणि मग बंगाल-बांगलादेशात पटकीची नवीच जात पसरली. पूर्वी पटकी होऊन गेलेल्यांनाही ती सोडीना. १९९३ मध्ये गाडगीळांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला.

त्यांचे यंत्र दवाखान्यातले नव्हे, पण काम रोग अडवण्याचेच. ट्यूबलाईटच्या जातीचा दिवा, फक्त आतून पांढरा लेप नसलेला. त्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. त्यांनी जंतूची वाढच खुंटते. तसे दिवे आधीही होते, पण ते पाण्यात बुडवलेले. वर क्षारांचे किटण चढायचे, आणि पाणी ढकलायला दाब लागायचा. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर टांगला आणि पाणी आपल्या उताराने खालून वाहू दिले. हंड्याने ओतले तरी चालते! आम्हाला खरी अक्कल इथे दिसते.

आता आमच्यातल्या कारकुनाचा हिशेब. मिनिटाला १५ लिटर पाणी, वीज साधारण ६० वॅट. म्हणजे एका युनिटात जवळपास १५ हजार लिटर. तेवढ्याच विजेत पाणी उकळायला घेतले, तर फार तर ११ लिटर.

वॉटरहेल्थ इंटरनॅशनल या कंपनीने हे तंत्र आंध्रातल्या खेड्यांपर्यंत नेले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गाडगीळांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले.

मात्र गढूळ पाण्यात हे किरण पोचत नाहीत, ते आधी गाळावे लागते. क्षार, रसायने यांवर त्यांचा उपयोग नाही. आणि शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरीनसारखे मागे काही उरत नसल्याने, उघड्या ड्रममध्ये कोणी हात बुडवला की ते पुन्हा दूषित होते.