उन्हाळी परसबागेची पूर्वतयारी : उरलेल्या गुंठ्यांसाठी

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत पूर्वी कांदा-बटाट्याची सलग शिवारे होती. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्यावर अनेक कुटुंबांकडे आता घराभोवतीचे पाच-दहा गुंठेच शिल्लक आहेत. घरातील कर्ता माणूस कंपनीच्या पाळीला जातो आणि बाग पाहतात त्या घरातील स्त्रिया व वडीलधारी मंडळी. एवढ्याशा जागेत काय होणार, असे म्हणून ती पड ठेवू नये. मात्र संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागताच तयारीला लागावे. पाडव्याला बी टाकणाऱ्याची भेंडी निघते तेव्हा विहिरीने तळ गाठलेला असतो.

पाण्याचा हिशेब आधी

लागवड किती करायची हे जमिनीवरून नव्हे, पाण्यावरून ठरवावे. आणि तेही फेब्रुवारीतील नव्हे, मे महिन्यातील पाण्यावरून. गेल्या मे महिन्यात मोटार किती वेळ चालून पाणी तुटत होते हे आठवावे.

एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. एप्रिल-मे महिन्यांत भाजीपाल्याला दररोज सुमारे ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे पाटाने देताना गुंठ्याला ६०० ते ७०० लिटर धरावे. ठिबक केले, ओळीपुरतेच पाणी दिले व वर आच्छादन टाकले तर साधारण निम्म्यात भागते. तेव्हा ज्यांची १००० लिटरची टाकी उन्हाळ्यात दिवसातून एकदाच भरते त्यांनी ठिबकावर तीन गुंठे आणि पाटपाण्यावर दीड गुंठ्यापेक्षा अधिक लागवड करू नये. दहा गुंठे लावून मे महिन्यात सगळेच वाळवण्यापेक्षा तीन गुंठे हिरवे राहिलेले बरे.

न्हाणीचे पाणी वापरण्यास हरकत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र सतत दिल्यास त्यातील सोडियममुळे जमीन कडक होते. ते केळी व कर्दळीकडे वळवावे, भाजीच्या वाफ्यात सोडू नये.

दोन गोष्टींची विशेष काळजी

आमच्या भागात पाणी साठवण्यासाठी भंगारवाल्याकडून २०० लिटरचे निळे पिंप आणण्याची पद्धत आहे. स्वस्त पडते हे खरे, पण त्यात पूर्वी थिनर, कूलंट किंवा आम्ल असू शकते. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन दोन-चार वेळा धुऊन जात नाही. आधी काय भरले होते हे निश्चित सांगता येत नसेल तो पिंप बागेत आणू नये. झाकणाला वास येत नाही, हा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट ओढ्या-नाल्याच्या पाण्याची. इंद्रायणीवर आळंदीजवळ २०२४ मध्ये पसरलेला फेस सर्वांनी पाहिला आहे. कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू असू शकतात. पालक, मेथी, माठ अशा पालेभाज्या ते सहज शोषून घेतात आणि भाजी दिसायला मात्र टवटवीत राहते! ही भाजी आपलीच मुले खाणार आहेत, म्हणून अशा पाण्यावर पालेभाजी मुळीच घेऊ नये.

जमीन

घर बांधताना मुरूम, राडारोडा टाकलेला असल्यास तो फूटभर तरी काढून टाकावा. मातीचा नमुना सात-आठ ठिकाणांहून, इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन, एकत्र करून अर्धा किलो द्यावा. पुण्याचे कृषी महाविद्यालय किंवा नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र येथे तपासणीबाबत विचारावे. साध्या तपासणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये कळतात. जड धातू कळत नाहीत. शंका असल्यास ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी.

गुंठ्याला २०० किलो, म्हणजे तेरा-चौदा घमेली चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. गोठे रिकामे झाल्याने शेणखत मिळणे कठीण झाले आहे, हे आम्ही जाणतो. पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांचे गांडूळखत सावलीत केल्यास बरीच गरज भागते. कंपनीच्या कँटीनचे उष्टे मात्र मिठाचे व तेलकट असते, ते गांडुळांना मानवत नाही.

पेरणी

किमान तापमान १५ अंशांच्या खाली असेपर्यंत भेंडी, काकडी, दोडका यांचे बी नीट उगवत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य. भेंडीच्या 'फुले उत्कर्षा' किंवा 'परभणी क्रांती' या जातीचे अर्ध्या गुंठ्यास ५० ते ६० ग्रॅम बी रात्रभर पाण्यात भिजवून ३० × १५ सेंमी अंतरावर टोकावे. गवारीची 'पुसा नवबहार', काकडीची 'हिमांगी' व दुधीची 'सम्राट' या जाती घ्याव्यात. वेल गोठ्याच्या किंवा पडवीच्या मांडवावर चढवले की जागाही वाचते आणि सावलीही होते. कोथिंबिरीचे धने हलके रगडून दोन भाग करावेत व दर दहा दिवसांनी एकेक छोटा वाफा पेरावा; एकदम पेरून एकदम काढलेल्या कोथिंबिरीला घरात किंमत राहत नाही.

उन्हाळी भेंडीचा खरा शत्रू केवडा. पाने पिवळी जाळीदार होणारा हा विषाणूरोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असे झाड दिसताच उपटून पुरावे. कडेला मक्याच्या दोन ओळी आधीच लावाव्यात, पिवळे चिकट सापळे टांगावेत आणि दर दहा दिवसांनी निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळून अर्क १० लिटर करावा व संध्याकाळी वापरावा.

मार्चमध्ये पीक वीतभर होताच दोन ओळींत उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा दोन-तीन इंच जाड पसरावा. वाळवीची सवय असलेल्या जागी पाचट बुंध्यापासून थोडे दूर ठेवावे.

पाण्याअभावी जो भाग मोकळा ठेवावा लागतो त्यातील एक वाफा एप्रिलमध्ये भिजवून पारदर्शक पातळ प्लॅस्टिकने झाकावा व कडा मातीने बंद कराव्यात. सहा आठवड्यांच्या उन्हात तण व रोगाचे बीज बरेच मरते. जूनमध्ये मिरची-वांग्याची रोपे याच वाफ्यावर टाकावीत.