डाव्या खांद्यामागचा आवाज

पहाटे ५.३०
वारा पश्चिमेचा, हलका. गाडीत रिमोटवर उडणारं मॉडेल जेट, पंखांच्या पिशव्या, रिमोट, इंधनाचा पंप. सगळ्यात आधी मात्र अग्निशामक, कारण "तो घेतलास ना?" एवढंच विचारायला माझ्या मित्राचा फोन यायचा. आता तो नाही. इंडियानात शनिवारी या वेळी आणखी कुणी जागं नसतं.

सकाळी ७
धावपट्टीवर दव आहे. पंख जोडले, केरोसीनमध्ये ५ टक्के टर्बाइन ऑइल मिसळलं. त्याला नळीतल्या बुडबुड्यांचं वेड होतं. बुडबुडा इंजिनात पोचला की ज्योत विझते आणि जेटचं ग्लायडर होतं, तेही वाईट. टाकी भरताना तो अक्षरशः जमिनीवर आडवा होऊन नळी न्याहाळायचा. आज मीच वाकून बघितलं, गुडघे कुरकुरले.

हा माणूस डक्टेड फॅनच्या काळातला. तेव्हा जेटच्या पोटात टू-स्ट्रोक इंजिन पंखा फिरवायचं. दिसायला जेट, आवाज किंकाळीचा. मग १९९०च्या सुमारास जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये बनेल असा टर्बाइन करून दाखवला. त्यातलं कॉम्प्रेसरचं चाक प्लायवूडचं, वरून कार्बन फायबर. पुढे हौशी लोकांनी मोटारीच्या टर्बोचार्जरची चाकं बसवली. पण मित्राचा जीव त्या लाकडी चाकावर. कुणीही नवा भेटला की ही गोष्ट व्हायचीच, आणि आम्ही जुने लोक कॉफी आणायला सटकायचो.

सकाळी ९
स्टार्टरची शिट्टी, ज्योत पेटल्याची धप्प, आणि पाऊण मिनिटात टर्बाइन मिनिटाला तेहेतीस हजार फेऱ्यांवर स्थिरावतो. पूर्ण थ्रॉटलला तो लाखापलीकडे जातो. हवेत आपल्याकडच्या रॉकेलच्या स्टोव्हचा वास.

उड्डाण सहा-सात मिनिटांचं. ताशी दीडशे मैलांनी जाणाऱ्या जेटवरून नजर क्षणभरही हलवता येत नाही, म्हणून दुसरा माणूस डाव्या खांद्यामागे उभा राहतो. धावपट्टी मोकळी आहे का, दुसरं विमान कुठे आहे, किती मिनिटं झाली, हे त्याने सांगायचं. आमची मैत्री मुख्यतः अशी झाली: दोघं आभाळाकडे बघत, एकमेकांचं तोंडही न पाहता. त्याच्या घटस्फोटाची बातमी मला तिसऱ्या वळणावर कळली. "चाकं खाली," असं त्याच सुरात पुढे म्हणाला.

दुपारी १२.३०
सँडविच. वारा आडवा झाला. गप्पा बॅटऱ्यांच्या.

दुपारी ३
खांद्यामागे क्लबातला एक कॉलेजचा मुलगा. हुशार आहे, पण सारखा बोलतो. मित्र जेव्हा काही बोलायचा नाही, तेव्हा सगळं ठीक आहे असं समजायचं. मुलाला हे सांगितलं. पुढच्या उड्डाणात तो इतका गप्प राहिला की शेवटी मलाच वेळ विचारावी लागली.

संध्याकाळी ६.३०
मित्राच्या मुलीचा फोन. गॅरेजमध्ये टर्बाइन, लिपो बॅटऱ्या, इंधनाचे कॅन, काय करू? म्हटलं, फुगलेल्या बॅटऱ्या आधी वेगळ्या काढून बाहेर मोकळ्या जागी ठेव, चार्जरला काही लावू नकोस, कॅनची झाकणं घट्ट कर, टर्बाइनना हात लावू नकोस. उद्या दहाला येतो. त्या मुलालाही घेऊन येईन. वजनं उचलायला होईल आणि त्याला लाकडी चाकाची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही.