खळीच्या पाण्याचा अभ्यास

व्यापारी घरातील सुनेने शिकायचे ठरविले, तर पहिला प्रश्न वेळेचा असतो. आमच्या इचलकरंजीच्या घरात त्याचे उत्तर मला आपल्या आचारधर्मातच सापडले. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, सात वाजेपर्यंत स्वयंपाकघर आवरलेले असते आणि पुरुषमंडळी पुन्हा पेढीकडे वळतात. रात्री उशिरापर्यंत ओट्याशी उभ्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना न मिळणारे दोन-अडीच तास अशा रीतीने रोज माझ्या हाती येत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन सोळा वर्षे लोटली होती. त्या तासांच्या भरवशावर मी मुक्त विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला नाव नोंदविले.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी आधी थोडा व्यवहार सांगते. दूरशिक्षणासाठी आपल्याकडे 1985 साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, तसेच 1989 पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. इंदिरा गांधी विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांच्या विषयाला एकशेवीस तास, म्हणजे रोजचे दोन तास धरून साठ रात्री. हा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात चटकन पटतो. स्वाध्याय हाताने लिहून द्यावे लागतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबरची परीक्षा दिवाळीच्या हंगामानंतर येते, हे आपल्या घरांना सोयीचे. पैसे भरण्यापूर्वी मात्र त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, हे स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. मान्यता असेल, तर ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे.

दूरशिक्षण म्हणजे सारे घरबसल्या, हा समज मात्र विज्ञानाच्या बाबतीत खोटा ठरतो. प्रात्यक्षिकांना केंद्रावर जावेच लागते. मला त्यासाठी पुण्यास नणंदेकडे मुक्काम करावा लागला आणि त्या दिवसांत घर सासूबाईंनी सांभाळले. खरे शिक्षण मला त्या प्रयोगशाळेत मिळाले, आणि ते आमच्या घराबद्दल होते.

आमचा व्यवसाय सुताचा आणि सायझिंगचा. यंत्रमागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्यावर खळ चढवितात. मक्याचा स्टार्च पाण्यात शिजविला की खळ तयार होते. एक लॉट संपला की उरलेली खळ आणि टाकी धुतलेले पाणी गटारात सोडले जाई, तेथून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत. रंगाच्या पाण्याविषयी गावात पुष्कळ बोलले जाते, ते डोळ्यांना दिसते म्हणून. खळीच्या पाण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, नेहमी सांगत, "आपण ना रंग वापरतो ना तेजाब. खळ म्हणजे पीठच. मासे खातील."

पाठ्यपुस्तकातील बीओडीचे प्रकरण वाचताना हेच वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. पाण्यात अन्नांश पडला की सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात, झपाट्याने वाढतात आणि ते अन्न पचविताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. हा प्राणवायू मुळातच फार थोडा असतो. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला एका लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम. तो संपला की मासे गुदमरतात. म्हणजे पीठ विषारी नाही हे अप्पांचे म्हणणे बरोबर होते, आणि मासे खातील हे मात्र चूक. ते पीठच माशांचा श्वास घेते.

प्रात्यक्षिकांच्या पहिल्या दिवशी मी आमच्या टाकीच्या धुवणाची बाटली बर्फात घालून पहाटेच्या गाडीने नेली. नमुना शंभरपट पातळ करून बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवल्या. उरलेला प्राणवायू मोजण्याची रीत अशी, की काही रसायने घालून मोकळ्या झालेल्या आयोडिनाचे थायोसल्फेटने मापन करतात. शेवट ओळखण्यासाठी त्यात थेंबभर स्टार्च टाकतात. आयोडिन असेल तर द्रावण निळेशार होते. ती खूण म्हणून वापरलेली वस्तू म्हणजे आमची खळच! पहिल्या दिवशीच्या बाटलीत निळाई आली. तिसऱ्या दिवशीच्या बाटलीत मी स्टार्च टाकला आणि काहीच झाले नाही. प्राणवायू उरलाच नव्हता, म्हणून आयोडिनही मोकळे झाले नव्हते. शंभरपट पातळ केलेल्या पाण्याची ही गत. गणित मांडले, तर मूळ पाण्याचा बीओडी लिटरमागे पावणेआठशे मिलिग्रॅमच्या वर गेला. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्याला मर्यादा 30 ची आहे.

घरी येऊन हे सांगणे परीक्षेपेक्षा अवघड होते. थोरले दीर म्हणाले, "गावात एवढी सायझिंग आहेत, आपल्या एकट्याच्या टाकीने काय होणार?" त्यांच्या बोलण्यात भीती होती, ती मी समजू शकते. धंद्याचे संमतिपत्र, बँकेचे कर्ज, तीस कामगारांची चूल, हे सारे त्या एका गटाराशी बांधलेले. सुनेने शिकून येऊन घराच्याच पाण्याची चौकशी मांडावी, हे कोणाला रुचेल? यजमान गप्प होते. मला वाटले, पदवी येथेच थांबली.

बोलल्या त्या सासूबाई. त्यांच्या माहेरी आडाचे पाणी दुहेरी छन्न्याने गाळीत आणि छन्न्यावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, हळूच त्याच आडात परत सोडीत. त्यांनी अप्पांना एवढेच विचारले, "आपण घरात जिवाणी राखतो, आणि टाकीचे पाणी सोडताना काय राखतो?" अप्पा देवपूजेला उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कर्मादानांची आठवण दिली. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत तळी आटविणे आहे, वणवा लावणे आहे, विषाचा व्यापार आहे. बाराव्या शतकातील त्या यादीत सायझिंग अर्थातच नाही. "पण तळ्यातले जीव पाण्यावाचून मेले काय आणि श्वासावाचून मेले काय, फरक काय, पोरी?" असे ते स्वतःच म्हणाले. मग लगेच व्यापाऱ्याच्या सुरात विचारले, "रोज किती खळ वाया जाते, ते वजन करून सांग."

वजन केले. वाया जाणारा स्टार्च विकतचा होता, हे कागदावर दिसताच दीरांचाही विरोध मवाळ झाला. आता उरलेली खळ झाकून ठेवून पुढच्या लॉटमध्ये वापरतो. उन्हाळ्यात ती आंबते, म्हणून लॉट लागोपाठ लावावे लागतात आणि त्यावरून दिवाणजींशी रोज वाद होतो. टाकी आधी खरवडून मगच धुतात. पहिल्या धुवणाचे पाणी वेगळे साठवितो. ते सामाईक प्रक्रिया केंद्राकडे न्यायचे की आवारातच लहान संयंत्र बसवायचे, याचा निर्णय झालेला नाही. खर्चाचा आकडा पाहून सारेच दचकलो आहोत. दुसरे धुवण अजून गटारातच जाते, हेही लपविण्यात अर्थ नाही.

जूनच्या परीक्षेनंतर पुन्हा प्रात्यक्षिके आहेत. या खेपेस दोन बाटल्या न्यायच्या आहेत, एक पहिल्या धुवणाची आणि एक दुसऱ्याची. अप्पांनी बर्फाचा डबा कालच माळ्यावरून काढून ठेवला. "तिसऱ्या दिवशी निळे झाले की लगेच फोन कर," असे ते म्हणाले आहेत.