आत्याचा अंगठा

कानडीत अंगठ्याला हेब्बेट्टु म्हणतात, आणि सही न येणाऱ्या माणसालाही तोच शब्द. मराठीत आपण अंगठाछाप म्हणतो. सुरतेच्या गोडादऱ्यात राहणाऱ्या माझ्या आत्याला सही झकास येते. अडला तो अंगठाच!

आत्या निपाणीची, दिलेली धुळ्याच्या घरात. गोडादऱ्यात खानदेशी माणसे इतकी, की कानाला अहिराणी सारखी पडते. साड्यांवर खडे चिकटवायचे काम ती वर्षानुवर्षे घरी आणून करते. डिंकाने आणि खरडण्याने बोटांच्या रेषा पुसट झाल्या. रेशनच्या यंत्राने दोनदा तिचा अंगठा नाकारला, तेव्हा तिने मला फोन केला. "अगं, आधार बंद पडलं तर मी या देशाची नाही असं ठरेल का?"

ही भीती तिच्या एकटीची नाही, म्हणून लिहिते. आधारसाठी दहा बोटे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि फोटो घेतात. पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, म्हणजे खानदेशातच. पण ते रहिवाशाला मिळते. वर्षात 182 दिवस इथे राहिलेला परदेशी माणूसही ते काढू शकतो. 2016 च्या आधार कायद्याचे कलम 9 स्पष्ट सांगते, की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. मग तो नाकारला गेल्याने नागरिकत्व जाईल कसे?

इंग्लंडात नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांनाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. तिथेही ठसा फक्त माणूस तोच आहे एवढे सांगतो. निर्णय होतो तो राहिलेली वर्षे वगैरे पाहून.

आपल्याकडे 1955 चा नागरिकत्व कायदा आहे. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेला माणूस (राजदूतांची मुले वगैरे सोडून) जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचे नागरिकत्वही पाहतात. आत्याचा जन्म 1958 चा.

बोट जुळत नसेल तर बुबुळावरून किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने ओळख पटवता येते, आणि आधार केंद्रात ठसे नव्याने देता येतात. हे सांगितल्यावर आत्या जरा सावरली. निपाणीच्या शाळेतून तिच्या दाखल्याची नक्कल काढायला मी भावाला सांगितले आहे. दाखल्यावर नाव माहेरचे, आधारवर सासरचे. तेव्हा लग्नाचा कागदही शोधावा लागणार.