वृद्धापकाळातील मूत्रावरोध आणि लेसरची शस्त्रक्रिया

महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांच्या नामावलीशेजारी लघवीच्या विकारावरील लेख पाहून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु ज्या त्रासाविषयी घरातील वडील मंडळी पत्नीपाशीदेखील बोलत नाहीत, त्याविषयी कोठेतरी उघड बोलले गेलेच पाहिजे; आणि ही स्मरणिका तर प्रत्येक सभासदाच्या घरी जाणार आहे.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही लिंबायतच्या बाजूस राहतात. सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. अलीकडे अमळनेरला लग्नकार्यास जायचे म्हटले की काही ना काही निमित्त सांगून ते घरीच राहू लागले. घरच्यांस वाटे, गावाकडील भाऊबंदांशी काही बिनसले असावे. खरे कारण एवढेच की, ताप्ती लाइनच्या गर्दीच्या गाडीत वरचेवर उठावे लागेल, याची त्यांना धास्ती वाटे. प्रवास टळण्यासारखा नसला तर आदल्या दिवसापासून पाणीच सोडायचे, आणि तेही सुरतेच्या उन्हाळ्यात! शेवटी भाचीच्या लग्नास जाणे भागच पडले. तेथे सर्दी झाली म्हणून कोणीतरी दिलेल्या दोन गोळ्या त्यांनी घेतल्या आणि रात्री लघवी साफ बंद झाली. ओटीपोट तट्ट फुगले, जीव कासावीस झाला. पहाटे डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा कोठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला. सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांतील औषधाने मूत्राशयाचे तोंड आवळले जाते, हे त्या घरात कोणासच ठाऊक नव्हते.

हा सारा खेळ एका लहानशा ग्रंथीचा आहे. तिला प्रोस्टेट किंवा पौरुषग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या तोंडाशी ती असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे अक्रोडाएवढा आकार. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते; साठीच्या घरातील निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार दिले असून त्यांपैकी ‘वाताष्ठीला’ या प्रकाराचे वर्णन या विकाराशी पुष्कळसे जुळते. तेव्हा हे आजकालच्या खाण्यापिण्याचे फळ आहे, असे कोणी समजू नये.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ती पुढे कर्करोगात बदलतही नाही. मात्र दोन्ही विकार एकाच माणसास होऊ शकतात; म्हणून डॉक्टर बोटाने तपासणी करतात व रक्ताची पीएसए ही चाचणी करावयास सांगतात. तिला लाजू नये. दुसरी गोष्ट अशी की, ग्रंथीच्या आकारावरून त्रासाचे माप काढता येत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘५० ग्रॅम’ वाचून कित्येकांची झोप उडते. परंतु ५० ग्रॅमची ग्रंथी असूनही सुखाने हिंडणारे लोक आहेत, आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी अडलेलेही आहेत. पाहावयाचे ते हे की, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो आहे काय. वर्षानुवर्षे जोर करून मूत्राशयाचा स्नायू अखेर थकतो; मग वाट मोकळी केली तरी तो पूर्वीसारखा चालतोच असे नाही. लपविण्याचा तोटा होतो तो येथे.

पुष्कळांचे औषधांवर भागते. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने वाट सैल होते व काही दिवसांतच फरक पडतो; अंथरुणातून एकदम उठल्यास मात्र चक्कर येण्याचा संभव असतो. फिनास्टेराइडने ग्रंथी आकसते, पण त्यास सहा महिने धीर धरावा लागतो. जाता जाता एक सांगून ठेवतो: टॅमसुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांस तसे अवश्य कळवावे, कारण त्या गोळीने डोळ्यातील पडदा ढिला पडून शस्त्रक्रियेत अडचण येते.

लघवी पुनःपुन्हा बंद होणे, मूत्रपिंडे सुजणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, मूत्राशयात खडे होणे, रक्त जात राहणे, किंवा औषधांनी गुण न येणे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो. हिंदुस्थानात अनेक वर्षे सरकारी वैद्यकीय नोकरी केलेले सर्जन पीटर फ्रायर यांनी लंडनला परतल्यावर १९०१ च्या सुमारास पोट उघडून ही वाढ काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे मूत्रमार्गातूनच नळी घालून विजेच्या तारेने आतील भाग खरवडून काढण्याची रीत आली. आपण जिला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतो ती हीच, आणि ती आजही उत्तम शस्त्रक्रिया आहे.

आता लेसरविषयी. सुरतेच्या माणसास हा शब्द नवा नाही. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत हिरेही लेसरने कापले जातात. त्यामुळेच आमचे स्नेही घाबरले होते. “हिरा कापणारी वस्तू माझ्या पोटात घालणार काय?” असे त्यांनी डॉक्टरांस विचारले. प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. पण लेसर एकच नसतो. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी माणिकाच्या कांडीपासून निर्माण केला. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधणारे शास्त्रज्ञ सी. कुमार पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले! त्यांचा लेसर शस्त्रक्रियेत नाव मिळवून गेला. पण प्रोस्टेटसाठी तो उपयोगी नाही, कारण त्याचा किरण पाण्यात शिरताच शोषला जातो आणि साध्या काचतंतूतून पुढे जात नाही. मूत्राशयातील काम तर सारे पाण्यातच चालते.

येथे वापरतात तो मुख्यतः होल्मियम नावाच्या धातूचा लेसर. तो बारीक काचतंतूतून आत नेता येतो, आणि त्याचा परिणाम तंतूच्या टोकापासून अर्ध्या मिलिमीटरहून फारसा खोल जात नाही. संत्र्याची साल तशीच ठेवून आतील फोडी सोडवून घ्याव्यात, त्याप्रमाणे सर्जन ग्रंथीच्या बाहेरील कवचापासून वाढलेला भाग सुटा करतो, तो मूत्राशयात ढकलतो, आणि दुसऱ्या यंत्राने बारीक करून ओढून घेतो. ही पद्धत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूझीलंडचे डॉ. पीटर गिलिंग व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. थुलियमचा लेसरही आता अशाच कामी येतो. हिरव्या किरणांच्या लेसरची रीत निराळी; तो भाग तेथल्या तेथेच वाफ करून टाकतो, त्यामुळे तपासणीस पाठवावयास तुकडा उरत नाही.

लेसरने रक्तस्राव कमी होतो, नळी बहुधा लवकर निघते, आणि पूर्वी पोट उघडावे लागे इतकी मोठी ग्रंथीही काढता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या हृदयरोग्यांस याचा विशेष उपयोग होतो. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. येथवर जाहिराती खरे सांगतात. पुढचे त्या सांगत नाहीत. काही आठवडे जळजळ होते; काहींस खोकताना-शिंकताना थेंब गळतात, ते बहुधा काही महिन्यांत थांबते. दुर्बिणीची असो वा लेसरची, शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीस अपाय नाही, पण हे आधी न सांगितल्यास माणूस मनातून खचतो. तसेच कवच आत राहिलेले असते, म्हणून पुढेही पीएसएची तपासणी चुकवू नये. आणि लेसरने मूळ रोग्याची निवड चुकली असेल तर ती सुधारत नाही. ही विद्या हाती बसण्यास सर्जनला बरीच शस्त्रक्रिया कराव्या लागतात; “डॉक्टरसाहेब, आपण अशा किती केल्या?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही. निष्णात हातची तारेची शस्त्रक्रिया नवशिक्या हातच्या लेसरपेक्षा केव्हाही बरी, असे आमचे मत आहे.

खर्चाविषयी एवढेच. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्यांस उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत घेतले आहे. लेसरचा खर्च त्यात बसतो की केवळ दुर्बिणीचा, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयात विचारून घ्यावे.

आमच्या स्नेह्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ते तिसऱ्या दिवशी घरी आले. त्या आठवड्यात एका रात्री त्यांच्या पत्नीने घाबरून मुलास उठविले, कारण पहाट झाली तरी नाना एकदाही उठले नव्हते! ते गाढ झोपले होते. बाराव्या दिवशी नातवास उचलले तेव्हा लघवी लाल झाली; आतील खपली सुटताना असे होते, भरपूर पाणी पिऊन दोन दिवसांत ती स्वच्छ झाली. गाठी पडून लघवी अडली असती तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे लागले असते. महिनाभर जड उचलणे आणि शौचास कुंथणे डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले आहे. नातवाची समजूत काढण्याचे काम आजीकडे आहे.